कोंबडीचा मरेक्स आणि माणसातला लपलेला विषाणू

भोर-वेल्ह्यात अंगणात गावरान कोंबड्या घरोघरी दिसतात. कधी एखादी एक पाय पुढं, एक मागं ताणून पडते, उठतच नाही. कारणं बरीच असतात, पण पशुवैद्यकाला पहिली शंका येते ती मरेक्सची. हंगेरीच्या योझेफ मरेक यांनी १९०७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. हा हर्पिस घराण्यातला विषाणू. म्हणजे आपल्या कांजिण्यांच्या विषाणूचा नातेवाईक. नसा सुजवतो आणि पांढऱ्या पेशींच्या गाठी, चक्क कॅन्सर करतो.

गाठी होतात म्हणून आधी त्याला माणसातल्या एप्स्टाइन-बार विषाणूच्या जवळचा समजत. १९८०च्या दशकात जनुकं वाचली, तर नातं कांजिण्यांशी जास्त निघालं! लक्षणांवरून नातं ठरवण्यातला धोका तो हा.

पण खरी गंमत त्याच्या जीनोमच्या टोकांना आहे. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना 'टीटीएजीजीजी' ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. त्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. कोंबडीतही तीच अक्षरं. मरेक्सच्या विषाणूकडेही तीच, आणि लहान बाळांना ताप-पुरळ देणाऱ्या माणसाच्या हर्पिस-६ कडेही! दोघं घराण्याच्या वेगवेगळ्या शाखांतले, तरी युक्ती एकच: यजमानाच्या टेलोमिअरला चिकटून लपायचं. हर्पिस-६ तर शंभरात एकाच्या आसपास लोकांना आईवडिलांकडून वारशानं मिळतो, शरीरातल्या प्रत्येक पेशीत. अवयव किंवा मज्जारोपणानंतर प्रतिकारशक्ती दबली की हा विषाणू जागा होतो, कधी मेंदूपर्यंत जातो.

आता माणसात मुद्दाम विषाणू सोडून प्रयोग करता येत नाही. कोंबडीत येतो. २०११ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी मरेक्सच्या विषाणूतली ती सहा अक्षरं बिघडवली. तो नीट चिकटेना, गाठी कमी झाल्या, जागं होणंही मंदावलं. पुढं २०१६ मध्ये हर्पिस-६ च्या पेशींवरच्या प्रयोगातही चिकटायला तीच अक्षरं लागतात असं दिसलं. तरी कोंबडी म्हणजे माणूस नव्हे. मरेक्सकडे गाठी करणारं 'मेक' नावाचं जनुक आहे, ते हर्पिस-६ कडे नाही. म्हणून कॅन्सरचा निष्कर्ष इकडं ओढू नये.

आणि हो, मरेक्स माणसाला होत नाही. चिकन-अंडी बिनधास्त खा.

हॅचरीत पहिल्याच दिवशी मानेत लस टोचतात, बहुतेकदा टर्कीच्या निरुपद्रवी हर्पिसची. ती गाठी थांबवते, विषाणूचा प्रसार मात्र नाही. त्यामुळं लस घेतलेल्या पक्ष्यांजवळ खुडूक कोंबडीखाली निघालेली बिनलशीची पिल्लं ठेवू नका.