घोटभर पाणी, फोडभर लिंबू

चैत्र-वैशाखात ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात अंगावरचा घाम वाळत नाही आणि घशाची कोरड मिटत नाही. याच दिवसांत १४ एप्रिलची भीमजयंती येते आणि तिच्या मागोमाग वैशाख पौर्णिमा. वस्तीवस्तीत पाणपोया उभ्या राहतात, मिरवणुकीतल्या मंडळींच्या हाती पेले दिले जातात. या पेल्यांत अलीकडे रंग आणि साखर वाढली आहे. गोड शीतपेयाच्या ३०० मिलीलिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सहा-सात चहाचे चमचे साखर असते. त्याऐवजी लिंबू, मोसंबी वा संत्र्याच्या फोडी मुरवलेले साधे पाणी घरोघरी आणि पाणपोयांवर का नसावे? करण्यास ते अत्यंत सोपे आहे. परंतु सोपे असल्यामुळेच त्यात होणाऱ्या चुका आपल्या ध्यानात येत नाहीत. त्या समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

फळांच्या पेयाची परंपरा आपल्याला परकी नाही. विनयपिटकातील महावग्गात केणिय जटिलाची कथा आहे. त्याने भगवान बुद्धांसाठी व भिक्खुसंघासाठी पेय तयार करून आणले, तेव्हा ते घ्यावे की नाही, असा संकोच भिक्खूंना पडला. भगवंतांनी आठ पेयांची अनुज्ञा दिली. आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष, फालसा इत्यादींची ती पेये होत. धान्याचा रस वगळून इतर फळांच्या रसांनाही त्यांनी अनुमती दिली. याच परंपरेत भिक्खूच्या आठ परिष्कारांमध्ये पाणी गाळण्याचे गाळणे समाविष्ट आहे. चिवर आणि भिक्षापात्र यांच्या जोडीला गाळण्याला स्थान मिळावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पेय कोणतेही असो, आधी पाण्याची काळजी घ्यावी, हा बोध त्यातून घेता येतो.

आपणही तेथूनच आरंभ करू. या परिसरातील बहुतेक घरांत उल्हास, बारवी वा भातसा यांचे पाणी शुद्धीकरण होऊन नळाने येते. परंतु जुन्या वाहिन्यांची गळती, चाळीची सामायिक टाकी, उन्हाळ्यातला टँकर यांमुळे घरात येईपर्यंत ते निर्धोक राहतेच असे नाही. लिंबू पिळले की पाणी शुद्ध होते, हा समज घातक आहे. पेयाला चव आणण्यापुरत्या लिंबाच्या आंबटपणाने कावीळ वा अतिसाराचे जंतू नष्ट होण्याची शाश्वती नसते. म्हणून पाणी स्वच्छ कपड्याने गाळावे, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे आणि झाकूनच निववावे.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असते आणि लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व त्या क्लोरीनला निष्प्रभ करते. लिंबू घातल्यावर पाण्याचा औषधी वास जातो आणि आपल्याला ते अधिक शुद्ध वाटते. वास्तविक वासाबरोबर त्याचे संरक्षणही गेलेले असते. क्लोरीनची गोळी वा द्रावण वापरत असाल तर ते टाकल्यानंतर किमान अर्धा तास जाऊ द्यावा, मगच फळ घालावे. आणि फळ घातलेल्या पाण्यात हात वा उष्टा पेला कदापि बुडवू नये.

आता कृती. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यास अर्धे कागदी लिंबू आणि पाव मोसंबी किंवा संत्रे पुरेसे होते. फळे सालीसकट वापरायची असल्याने वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. सुरी आणि पाटही धुतलेले असावेत. कांदा वा मासळी चिरलेला पाट घेऊ नये. पातळ गोल चकत्या कराव्यात आणि बिया काढून टाकाव्यात. सुगंध असतो तो सालीच्या रंगीत थरातील तेलात, तर कडवटपणा मुख्यतः बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या थरात. चकत्या कुस्करल्या वा रात्रभर पाण्यात राहिल्या की कडवटपणा उतरतो. म्हणून शीतकपाटात दोन ते चार तास ठेवून चकत्या काढून घ्याव्यात आणि पाणी त्याच दिवशी संपवावे. शीतकपाट नसेल तर थोडेच करावे आणि दोन तासांत प्यावे. पुदिन्याची चार पाने वा तुळशीची दोन पाने घालण्यास हरकत नाही.

माठात वाळ्याची जुडी टाकण्याची आपल्याकडील रीत सुंदर आहे. मात्र लिंबू माठात घालू नये. माठाच्या छिद्रांत आंबट अंश आणि गर साचून राहतो व तो घासून निघत नाही. माठात साधे पाणी गार करावे आणि फोडी वेगळ्या भांड्यात घालाव्यात. माठ गार होतो तो पाझरणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन. नागपूरच्या कोरड्या हवेत हे वेगाने घडते, ठाण्याच्या दमट हवेत मंदावते. म्हणून आपल्याकडे माठ कोपऱ्यात न ठेवता वारा खेळेल अशा जागी ठेवावा.

भांड्याची निवड हा जिवाशी निगडित विषय आहे. ‘तांब्यातले पाणी चांगले’ असे ऐकून अनेक जण तांब्याच्या भांड्यातच लिंबू पिळतात. आंबट पदार्थात तांबे विरघळते आणि त्याचा अंश वाढल्यास मळमळ, उलटी, पोटदुखी होऊ शकते. जुन्या पिढीने तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घेतली, ती याच कारणास्तव. ॲल्युमिनियमही टाळावे. काच किंवा स्टील उत्तम.

या पाण्याकडून अपेक्षा किती ठेवावी? ते चरबी वितळवत नाही आणि रक्त ‘शुद्ध’ करत नाही. ते चवीमुळे अधिक प्यायले जाते आणि गोड पेयाची जागा घेते, हाच त्याचा मोठा लाभ. सन १७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरांनी रक्तपितीने आजारी खलाशांना संत्री आणि लिंबे देऊन गुण येतो हे दाखवून दिले. परंतु तो गुण फळ खाण्याचा होता. नुसत्या चकत्या मुरवलेल्या पाण्यात ‘क’ जीवनसत्त्व अल्पच उतरते. ते हवे असेल तर लिंबू जेवणात पिळावे. डाळ आणि पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास त्याने मदत होते, आणि वाढत्या वयाच्या मुलींना त्याची विशेष गरज असते. जुलाब-उलट्या होत असतील तर मात्र हे पाणी पुरेसे नाही. तेव्हा एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोटघोट द्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. आंबट पाणी दिवसभर चघळत राहिल्यास दातांवरचे कवच झिजते. पिऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच दात घासू नयेत.

पाणपोईसाठी हेच प्रमाण वाढवावे. वीस लिटरला दहा लिंबे. तोटी असलेले झाकणाचे स्टीलचे पिंप घ्यावे; तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे.

या ओगराळ्यापाशी मन थबकते. एके काळी आपल्या पूर्वजांच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई, कारण त्यांचा स्पर्श नको होता. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, शाळेत त्यांना नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ उघडला तरच पाणी मिळे, शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले करण्याचा ठराव केला, तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे ओंजळ भरेपर्यंत तो ठराव कागदावरच होता. पुढील न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. आज आपल्या हातातील लांब दांडा पिणाऱ्याला दूर ठेवण्यासाठी नाही, पाणी निर्मळ राखण्यासाठी आहे. आणि म्हणूनच त्याच पिंपातले पाणी वाढणाऱ्यानेही प्यावे व पिणाऱ्यानेही वाढावे.

आपल्या शाळेत मुले एका पंगतीत जेवतात आणि एकाच जागेचे पाणी पितात. जे पाणी मिळवण्यासाठी आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला, ते गढूळ, रंगीत वा साखरेने भरलेले देऊन चालणार नाही. येत्या जयंतीस प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील एका पाणपोईची जबाबदारी घ्यावी. पाणी आदल्या रात्री उकळावे, लिंबे सकाळी धुवावीत आणि पहिला पेला वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाला द्यावा.

भवतु सब्ब मंगलं.