जिभेवर वेखंड, मेंदूत ठेका

चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागात काष्ठौषधीच्या दुकानात 'वसंबु' मागितला, की दुकानदार बोटाएवढे जाड, गाठीगाठींचे तपकिरी तुकडे पुढ्यात ठेवतो. नखाने जरा खरवडलं की उग्र, कडवट वास येतो. पुण्याचा माणूस डोळे मिटूनही सांगेल, की हा तर आपला वेखंड! बाळगुटीत सहाणेवर ज्याचे वळसे देतात, तोच. तमिळ घरांत त्याचे मणी काळ्या दोऱ्यात ओवून तान्ह्या बाळाच्या मनगटावरही बांधतात. आणि मराठी आजी असो की तमिळ पाट्टी, भरवसा एकच: वेखंडाने वाचा सुटते. आपल्याकडे अक्कलकाढ्याचं पिवळं बोंडही बोबड्या, तोतऱ्या मुलांना चघळायला देतात. बोंड चावताच जिभेला मुंग्या येतात, तोंडभर लाळ सुटते. ही करामत त्यातल्या स्पिलँथॉल या रसायनाची. जिभेवर एवढी खळबळ माजल्यावर औषध लागू पडतंय असं वाटणारच!

गंमत अशी की तोतरेपणात जिभेचा काही दोषच नसतो. अडखळत बोलणारा माणूस गाणं मात्र सहसा सफाईने म्हणतो. मांजराशी बोलताना, एकटाच पुटपुटताना त्याला फारशी अडचण येत नाही. त्याला वेस्ट मांबलमच्या अयोध्या मंडपममध्ये विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्यांच्या घोळक्यात बसवा, नाहीतर गिरगावात आरतीला उभा करा. सगळ्यांच्या सुरात सूर मिळाला की शब्द खळाळत बाहेर येतात. आरती संपल्यावर कुणी नाव विचारलं, की स्वतःच्याच नावाचं पहिलं अक्षर घशात रुतून बसतं. जीभ तीच, ओठ तेच. मग बिघडतं काय?

संशोधकांचा रोख आहे मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँगलियाकडे. पुढचा आवाज नेमका कधी सुरू करायचा, हा इशारा देण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. तबल्याची साथ सुटली की गवयाची सम चुकावी, तसा इथे आतला ठेका चुकतो. बरोबरीने म्हणताना हा ठेका बाहेरून आयता मिळतो, असा एक अंदाज आहे. या भागाचं काम डोपामिन या रसायनावर चालतं. डोपामिनला लगाम घालणाऱ्या हॅलोपेरिडॉलने काहींचं अडखळणं कमी झालं. पण दुष्परिणाम इतके, की ते औषध मागे पडलं.

मग जीवनसत्त्वांच्या गोळ्या? ही आशाही जुनीच. 1951 साली अमेरिकेत लेस्टर हेल यांनी शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या लहान मुलांना थायमिन, म्हणजे बी-1, देऊन पाहिलं. खाल्लेल्या साखरेतून ऊर्जा काढायला मेंदूला थायमिन लागतंच, त्यामुळे कल्पना वेडगळ नव्हती. पण लहान वयात गोळीचा गुण ओळखणं महाकठीण. शंभरातली साधारण पाच मुलं कधी ना कधी तोतरं बोलतात आणि त्यांतली बहुतेक आपोआप सुधारतात. मोठेपणी हे प्रमाण शंभरात एकावर येतं. म्हणजे वेखंड चाटवा, बी-1 द्या किंवा नवस बोला. बहुतेक घरांत यश ठरलेलंच!

मोठ्यांची फसगत वेगळी. त्यांचं अडखळणं आठवड्या-आठवड्याला कमी-जास्त होतं. माणूस गोळी सुरू करतो ती अगदी टेकीला आल्यावर. त्यानंतर आपसूक येणाऱ्या बऱ्या दिवसांचं श्रेय गोळी घेऊन जाते. हा गुंता सोडवायला 19 जणांवर 9 आठवडे तांबं आणि थायमिन यांचा प्रयोग झाला. कोण काय घेतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अडखळण्यात या दोन्हींमुळे म्हणावा असा फरक दिसला नाही. शिवाय असे उपाय निरुपद्रवीच असतात असंही नाही. बी-6 हे जीवनसत्त्व दीर्घकाळ भरमसाट घेतलं तर हातापायांच्या नसा बधिर होऊ शकतात. वेखंडातल्या बीटा-असारोनने उंदरांना कर्करोग झाला, म्हणून अमेरिकेने 1968 साली वेखंडाला खाद्यपदार्थांतून हद्दपार केलं.

खरं नवल पुढेच आहे. 2010 साली पाकिस्तानातल्या तोतरेपणा असलेल्या कुटुंबांमधून एक जनुक हाती लागलं, जीएनपीटीएबी. त्याचं काम पेशीतला केरकचरा निकालात काढण्याच्या यंत्रणेत! माणसांत आढळलेला या जनुकातला बिघाड उंदरांत घातला, तर पिल्लांच्या चिवचिवाटात लांब-लांब खंड पडू लागले. 2025 साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांची छाननी झाली आणि तोतरेपणाशी जोडलेल्या 57 जागा सापडल्या. पुरुषांमध्ये सगळ्यांत ठळक ठरलं व्हीआरके-2 हे जनुक. त्याचा संबंध आणखी कशाशी आढळला होता? ठेक्यावर टाळी देता येण्याशी! आरतीच्या टाळ्यांत ज्याची जीभ मोकळी होते, त्याचं कोडं सोडवायला विज्ञानही शेवटी तालापाशीच येऊन पोचलं आहे. वाचा-उपचारांत ठेका धरून, सावकाश बोलायला शिकवतात ते उगीच नव्हे. गोळ्यांचे पैसे तिकडे वळवलेले बरे.