हात कामाला लागेपर्यंत

पहाटे साडेपाच

श्रावण लागलाय. मोरा बंदरात पावसाळ्यापुरत्या शाकारलेल्या होड्यांवरच्या ताडपत्र्या उतरल्यात, इंजिनं चालू करून बघणं चाललंय. गाडी काढताना शेजारची काकू दारातून विचारते, "बाय, ह्यांचा हात पुनवेपरत मोकला होईल ना?"

काकांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टेंडनं शिवून चार आठवडे झालेत. नांगराचा दोर कापताना सुरी निसटली होती. पुरता जोर लावायला बारा आठवडे जावे लागतात आणि नारळी पौर्णिमा तोंडावर आली आहे. टेंडन आपल्या गतीने जुळतं, हंगाम आपल्या तारखेला सुरू होतो. माझे निम्मे पेशंट या दोहोंच्या मध्ये सापडलेले असतात. "संध्याकाळी व्यायामाला पाठवा, तिथे बघते," एवढंच म्हणून मी निघते.

सात

पनवेलला माझ्या रुग्णालयाचा रस्ता एरवी तासाभराचा; जेएनपीटीच्या कंटेनरांची रांग लागली की भरवसा नाही. हाताच्या जखमांचा नकाशा काढायचा तर याच रस्त्याने काढावा. बंदराकडून कंटेनरच्या दारात चेंगरलेली बोटं येतात, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून पॉवर प्रेसखाली सापडलेली, आणि आमच्या किनाऱ्यावरून विंचच्या दोरात पिळलेली किंवा पाकटाच्या काट्याने सुजलेली. पाकटाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा, त्याचं विष उष्णतेने निकामी होतं. हे कोळीवाड्यात बहुतेकांना ठाऊक आहे. आत मोडून राहिलेलं काट्याचं टोक मात्र काढूनच घ्यावं लागतं, नाहीतर जखम पिकत राहते.

आठ

राउंड. परवा जोडलेला अंगठा आधी बघायचा. नखाखालचा रंग गुलाबी आहे, दाबून सोडलं की दोन सेकंदांत परततो, हाताला ऊबदार लागतो. पांढरा पडला असता तर रक्त आत येत नाही असं समजायचं. जांभळा होऊन फुगला असता तर आलेलं रक्त बाहेर जात नाही. रात्रभर दर तासाला सिस्टरांनी हे पाहून कागदावर मांडलंय. मुलाची आई उशाशी बसलेली. तिला मी पुन्हा सांगते, त्याच्या हाताला मशेरीची डबी लागू देऊ नका. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि त्या अंगठ्यातली धमनी जेमतेम एक मिलिमीटरची आहे.

साडेनऊ

ऑपरेशन थिएटर. पहिली केस एका मासे विकणाऱ्या मावशींची. सुरमईचे तुकडे करताना कोयता घसरला, तर्जनी आणि मधलं बोट तळव्याच्या बाजूने कापलं. बाहेरून जखम दीड इंचाची. तालुक्याच्या गावी कुणी चार टाके घालून पाठवलं असतं, तर ती बोटं पुन्हा कधी मिटली नसती.

खांद्याजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर केलाय, मावशी जाग्या आहेत. दंडावर पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवतो. साधारण दोन तास हातात असतात, वेळ भिंतीवर लिहिली जाते. प्रत्येक बोटात वाकवणारी दोन टेंडनं असतात, एक मधल्या पेरासाठी, एक टोकासाठी. वरचं टेंडन दोन फाट्यांत दुभंगतं आणि खालचं त्या फटीतून पुढे जातं. दोन्ही मिळून हाडाला चिकटलेल्या एका अरुंद बोगद्यातून सरकतात. कोयता नेमका तिथेच लागलाय. शिवण जाड झाली तर टेंडन बोगद्यात अडकणार, बारीक झाली तर तुटणार. पूर्वी मोठमोठे सर्जन या भागाला हात लावू नका म्हणायचे. आज आम्ही इथेच शिवतो, कारण शिवण सुधारली आणि त्याहून जास्त म्हणजे नंतरचा व्यायाम सुधारला.

तुटलेलं टोक स्नायूने ओढून तळव्यात नेलंय. तळव्यावर लहानसा छेद घेऊन ते शोधते, बारीक नळीच्या आधाराने बोगद्यातून पुढे आणते. दोन टोकं समोरासमोर येतात तेव्हा त्यांचा रंग दिसतो, ओल्या मोत्यासारखा. आतून चार पदरी शिवण, भोवतीने केसाएवढ्या धाग्याची. मग भिंगाखाली बोटाची नस. ती रोज सुमारे एक मिलिमीटर वाढते, म्हणजे बोटाच्या टोकाला जाणीव परतायला महिने लागतील. हे मी मावशींना आत्ताच सांगते, नंतर सांगितलं की फसवल्यासारखं वाटतं.

"मी टोपली कदी उचलू?"

"दिवाळीनंतर."

त्या छताकडे बघतात. घरी अजून कोण कमावतं, हे मला त्यांना विचारायचंय, पण आत्ता नको.

साडेबारा

स्टोव्हच्या भडक्यात भाजून मनगट मागे खेचलं गेलेली एक तरुण मुलगी. आवळलेली कातडी सोडवून मांडीची पातळ त्वचा लावली. पहिले दोन दिवस ती त्वचा खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, मग नव्या वाहिन्या तिच्यात शिरतात, म्हणून पाचव्या दिवसाआधी पट्टी उघडायची नाही. मांडी हातापेक्षा जास्त दुखेल, हेही सांगून ठेवलं.

दोन ते पाच

ओपीडी. कोळंबी सोलून सोलून रात्री बोटं मुंग्यांनी भरतात अशी तक्रार घेऊन आलेल्या दोघीजणी. एकीला रात्री बांधायचा पट्टा पुरेल. दुसरीच्या अंगठ्याचा मांसल भाग सुकायला लागलाय, तिची मनगटातली दाबलेली नस मोकळी करायलाच हवी. पंधरा-वीस मिनिटांचं काम, तेवढीच जागा बधिर करून होतं. ते लांबवण्यात काही शहाणपण नाही. एका शिंपीकाकांचं बोट मिटलं की अडकतं आणि खटका बसून सुटतं, त्यांना इंजेक्शन. एकाच्या पाठीवरची चरबीची गाठ.

मग कॉलेजातला एक मुलगा, इतक्या दमट हवेत दोन बनियनं घालून आलेला. छाती वाढलीय म्हणून पोहायला जात नाही, आणि खाडीकाठचा मुलगा पोहत नाही म्हणजे घरात चर्चा होतेच. बरंच बोलून घेतलं, हार्मोनच्या तपासण्या लिहिल्या. अशा छातीची शस्त्रक्रिया हौसेची असते असं म्हणणाऱ्यांशी मी भांडते.

शेवटी दोन बाळंतपणांनंतर पोट सुटलेल्या एक बाई. चरबी ओढून घेऊन वजन उतरवायचं म्हणतात. लायपोसक्शन हा वजन कमी करायचा उपाय नाही. त्यांच्या पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून दूर गेलेत, ते शिवून जादा कातडी काढावी लागेल. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण राहील, दीड महिना पट्टा बांधावा लागेल, पायात रक्त गोठण्याचा धोका असतो. वजन आधी स्थिर हवं आणि पुढचं मूल नको असलं पाहिजे. विचार करून यायला सांगितलं.

मध्येच एकाने विचारलं, योजनेत बसेल का? भाजल्याच्या आणि अपघातातल्या हाताच्या बऱ्याच शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले योजनेत होतात. २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. पण बुडालेली मजुरी तिच्यात धरलेली नाही, आणि माझे पेशंट व्यायाम सोडून पळतात ते त्या मजुरीपायीच.

सहा

व्यायामाचा विभाग. इथे मी रोज येते, ते एका माणसाच्या कामामुळे. मोऱ्यासमोरच्याच समुद्रापलीकडे, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी प्लास्टिक सर्जरी विभाग उभारला. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जन हॅरॉल्ड गिलीजच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस कुष्ठरोग्यांची वाकडी बोटं सरळ करत बसला, आणि सत्तरच्या दशकात आपल्याच जिल्ह्यातल्या मांडव्याला गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवायला गेला. ऑपरेशनचा उपयोग शेवटी गावात, घरात ठरतो, हे मी त्यांच्या कामातून घेतलंय.

काका आलेत. स्प्लिंट हातात आहे, हातावर नाही.

"जाळं जरा ओढून बघितलं," ते म्हणतात.

मी बोटं तपासते. टोकं वाकतायत. शिवण टिकली, नशीब. गेल्या हंगामात असंच एकाचं टेंडन पाचव्या आठवड्यात तुटलं, दुसऱ्यांदा शिवल्यावर बोट अर्धंच मिटतं. काकांना बाकावर बसवून थेरपिस्ट दर तासाला दहादा बोटं कशी मिटायची ते पुन्हा करून घेते. मी त्यांच्या बोटीच्या तांडेलाला फोन लावते. तोही ओळखीचाच. काकांना ऑक्टोबरपर्यंत बोटीवर न नेता धक्क्यावर मासळीच्या हिशेबाला बसवा, उजवा हात शाबूत आहे. तो कुरकुरतो, मग अर्ध्या वाट्यावर तयार होतो. काकू पुनवेला नारळ घेऊन जातील, काका सोबत जातील. बोट त्यांच्याशिवाय सुटेल.

सव्वानऊ

जेवायला बसते तोच उरणहून फोन. विंचमध्ये हात गेला, अंगठा तुटून पडलाय. "मासळीच्या बर्फात घातलाय, डॉक्टर."

"आधी बाहेर काढा." नुसत्या बर्फाला लागून बोट गोठलं की आतल्या वाहिन्या फाटतात, मग जोडायला काही उरत नाही. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. जखमेवर हळद नको, चुना नको, दोरी आवळू नका. कापड दाबून हात उंच धरा. पाणीसुद्धा पाजू नका, भूल द्यावी लागेल.

एकटी करंगळी चेंगरली असती तर मी कदाचित जोडूही नये म्हटलं असतं. ताठर बोटापेक्षा आखूड बोट लवकर कामाला लागतं. अंगठ्याचं तसं नाही. पकडीचा सगळा भार त्याच्यावर असतो.

थेरपिस्टच्या फोनवर निरोप ठेवते, उद्या काकांना सकाळी बघ. मग थिएटरला मायक्रोस्कोप लावायला सांगून गाडीची किल्ली घेते.