भिंतीतला एक माणूस

एकांकिका बघताना टाळ्या-शिट्ट्या आपण सगळेच वाजवतो. पण त्यामागे महिनाभर काय चालतं, हे शेजारच्या रूमवाल्यालाही माहीत नसतं. रात्री कुणीतरी ओरडतंय, एवढंच त्याला कळतं! म्हणून हा लेखप्रपंच.

विद्यापीठांच्या युवा महोत्सवात एकांकिकेला ३० मिनिटं मिळतात. कलाकार जास्तीत जास्त ९. पाठांतर होतं हो, खरी अडचण हजेरीची. कुणाचं सबमिशन, कुणाची सेशनल, मुलींच्या होस्टेलचं गेट लवकर बंद. आता साधं गणित करा. १० तालमींत ९ जणांनी फक्त एकेक दिवस, पण वेगवेगळा, दांडी मारली. प्रत्येकाची हजेरी ९० टक्के! पण पूर्ण टीमच्या तालमी किती? फक्त एक. लेक्चरला ७५ टक्के चालतात, नाटकाला ९० टक्केही पुरत नाहीत.

कारण समोरच्याचा शेवटचा शब्द हीच माझी खूण असते. तो नसला की कुणीतरी प्रॉक्सी वही हातात धरून वाचतो. त्याचा वेग वेगळा, उभं राहायची जागा वेगळी. मग माझी सवय चुकीची बसते आणि घड्याळही खोटं बोलतं. २८ मिनिटांचं नाटक ऐनवेळी ३२ मिनिटांवर जातं.

पुण्यात १६ डिसेंबर १९७२ ला 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. नाटक तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. तेही आपल्यासारखेच प्रोफेशनल कोर्सवाले, डॉक्टर. त्यात ओळीनं उभी राहिलेली माणसंच पडदा होतात, भिंत होतात. विचार करा, तालमीला त्यातला एक जण आला नाही तर? भिंतीला भोकच!

आमच्या शेगावात भाषेचाही प्रश्न येतो. माझं मराठी कॉन्व्हेंटवालं, मी म्हणणार 'कशाला'. खामगावचा मित्र म्हणतो 'कायले'. आम्ही बापलेक झालो तर एका घरातले वाटतच नाही. उपाय एकच, तो बोलतो आणि मी कान देऊन तसंच म्हणतो. हेही दोघं समोरासमोर असल्याशिवाय जमत नाही.

मग करायचं काय? पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या परीक्षा-सबमिशनच्या तारखा एका कागदावर मांडायच्या. टाइमटेबल सीनप्रमाणे लावायचं, ज्याचा सीन त्यालाच बोलवायचं. मुलींचे सीन संध्याकाळी आधी. मेसच्या फरशीवर खडूनं स्टेज आखायचं. म्हणजे प्रॉक्सी आला तरी निदान जागा तरी बरोबर राहते. आणि शेवटचे पाच-सहा दिवस मात्र पूर्ण टीम, स्टॉपवॉच लावून, मधे न थांबता.

सरांना एकच विनंती, त्या पाच-सहा दिवसांत व्हायवा ठेवू नका! आणि रूमपार्टनर्सनो, तुमचा मित्र तालमीला निघाला की 'जाऊ दे रे आज' एवढं म्हणू नका. तो एकटा थांबतो, पण तालीम आठ जणांची बुडते.