सातांची सक्ती आणि शेपटाची मुभा

मनुष्याच्या मानेत सात मणके असतात, जिराफाच्या लांबलचक मानेतही सातच असतात, आणि ज्याला मान म्हणून काही आहे असे पाहणाऱ्यास वाटतही नाही त्या डॉल्फिनच्या ग्रीवेतही निसर्गाने सातांचीच नेमणूक कायम ठेवली आहे. भेद एवढाच की, येथे ते पातळ चकत्यांसारखे दाबले गेलेले असतात आणि समुद्रातील बहुतेक जातींत पहिले दोन जुळून एकजीव होतात. गंगेतील डॉल्फिनचे मात्र सातही सुटे राहिल्यामुळे गढूळ पाण्यात मान वळवण्याची सोय त्याला लाभली आहे.

मानेपुरती असलेली ही सक्ती पुढे शिथिल होते. या प्राण्याच्या भूचर पूर्वजांचे मागले पाय कालांतराने लोपले, त्यांना आधार देणारे त्रिकास्थीही गेले, आणि कंबर कोठे संपते व शेपूट कोठे सुरू होते हा हद्दीचा तंटा उभा राहिला. शरीरशास्त्रज्ञांनी तो मोजणीदाराच्या रीतीने मिटवला: शेपटाच्या मणक्यांखाली चिमट्याच्या आकाराची लहान हाडे लोंबतात, त्यांपैकी पहिले ज्या मणक्याच्या मागल्या कडेस असेल तोच शिवेचा दगड मानावा.

एकूण मोजदाद मात्र जातीगणिक बदलते. कोकण किनाऱ्यावरच्या कुबडवाल्या डॉल्फिनचे मणके पन्नासच्या आसपास, बॉटलनोजचे साठांहून थोडे अधिक, तर उत्तर पॅसिफिकातील त्यांच्या एका चपळ भाऊबंदाचे, डॉल्स पॉरपॉइजचे, नव्वदांच्याही वर. मणके जितके आखूड व अधिक, तितका कणा ताठ. एकाच जातीतही एकदोन मणक्यांचा फरक पडतो, क्वचित डाव्या बाजूच्या बरगड्या उजवीशी जुळत नाहीत, आणि याला व्यंग म्हणणे मला अन्यायाचे वाटते. खरे व्यंग निराळे असते: 2011 मध्ये अझोर्स बेटांजवळ पाठीचा कणा नागमोडी वाकलेला एक बॉटलनोज डॉल्फिन स्पर्म व्हेलच्या कळपात त्यांच्या अंगाला अंग घाशीत पोहताना आढळला होता.

किनाऱ्यावर सांगाडा आढळलाच, तर एक तपशील ध्यानी ठेवावा. शेपटाचा पंखा बिनहाडांचा असला तरी त्याच्या मध्यभागी शिरणारे शेवटचे मणके सुपारीएवढे लहान असतात आणि वाळूत तेच प्रथम हरवतात. म्हणून कमी भरलेल्या मोजणीवरून निष्कर्ष काढू नये. आणि डॉल्फिनला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे एकही हाड घरी न नेता वनखात्यास वर्दी द्यावी.