सीमाभागातला संशोधन-साहाय्यक

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रकल्प अहवाल अनिवार्य असतो, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या बेळगाव-निपाणी परिसरात असे अहवाल लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या लहान नाही; कारण १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे, २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठही तेथेच आहे, आणि निपाणीला खेटून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय मात्र कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत येत असल्याने कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. या अहवालांसाठी, तसेच प्राध्यापकांच्या मोठ्या संशोधन प्रकल्पांसाठी, जो माणूस पूर्वीचे लेखन शोधून त्याच्या नोंदी करतो, प्रश्नावली घेऊन लोकांपर्यंत जातो आणि मिळालेली उत्तरे तपासून संगणकावर चढवतो, त्याला संशोधन-साहाय्यक म्हणतात. १९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या अनुदानित प्रकल्पांत या पदासाठी पदव्युत्तर पदवीची अट असते; तरीही महाविद्यालयांच्या आवारात हे काम टंकलेखनाच्या जरा वरचे, एवढ्याच मोलाचे समजले जाते. सीमाभागापुरते तरी हे मोजमाप चुकीचे आहे.

याचे कारण माहितीच्या स्वरूपात सापडते. दुसऱ्या कोणीतरी आधीच गोळा करून ठेवलेली माहिती ती दुय्यम, आणि संशोधकाने स्वतः मिळवलेली ती प्राथमिक. व्यवस्थापनशास्त्राचे पुष्कळसे संशोधन दुय्यम माहितीवर चालते. मुंबईच्या सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी या संस्थेचा ‘प्रोवेस’ हा कंपन्यांच्या ताळेबंदांचा संग्रह त्यासाठी सर्रास वापरला जातो. परंतु अशा संग्रहात येण्यासाठी उद्योगाने आपले हिशेब कोठेतरी जाहीर केलेले असावे लागतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतून पंपांचे आणि वाहनांचे सुटे भाग घडवणारी फाउंड्री जर भागीदारीत किंवा एकाच मालकाच्या नावावर चालत असेल, तर कंपनी निबंधकाकडे तिचा ताळेबंद जातच नाही, आणि मग वीजदर वाढला तेव्हा तिने काय केले, मालाची उधारी किती दिवसांनी वसूल झाली, हे मालकाच्या तोंडूनच ऐकावे लागते.

निपाणीत तर ही अडचण आणखी खोल आहे. १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या तंबाखू मंडळाचा भर व्हर्जिनिया जातीच्या, म्हणजे सिगारेटसाठी लागणाऱ्या तंबाखूवर असून, निपाणीचा तंबाखू विडीचा आहे. त्यामुळे मंडळाच्या लिलावातून भावाच्या ज्या रोजच्या नोंदी होतात, तशा येथे आयत्या हाती येत नाहीत आणि शेतकरी व व्यापारी यांच्यात ठरलेला भाव त्या दोघांनाच विचारावा लागतो. तो विचारणे ही साधी गोष्ट नव्हे. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी येथे महामार्गावर आंदोलन झाले, आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात बारा जण मृत्युमुखी पडले. ज्या गावात भावाच्या प्रश्नाला हा इतिहास आहे, तेथे वखारीच्या दारात उभा राहून पहिल्याच भेटीत आकडा मागणाऱ्या साहाय्यकाला आकडा मिळेल, पण तो विश्वास ठेवण्याजोगा असेलच असे नाही.

विडी कामगारांच्या उत्पन्नाचा प्रश्न हे याचेच दुसरे उदाहरण. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याखाली नोंदलेल्या आस्थापना सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत मोजल्या जात आल्या आहेत, परंतु त्या पाहणीचे एकक आस्थापना हे असल्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचा घरखर्च तीत दिसत नाही. पुस्तकी प्रश्नावलीत ‘मासिक उत्पन्न किती’ असा रकाना असतो. मजुरी हजार विड्यांवर ठरत असल्याने या रकान्यात ती बाई अंदाजाने काहीतरी सांगते. त्याऐवजी दिवसाला किती विड्या होतात, त्यांतल्या किती छाट म्हणून बाजूला काढल्या जातात, आठवड्यात काम किती दिवस मिळते, आणि दिलेले पान कमी पडल्यास ते स्वतःच्या पैशाने आणावे लागते काय, असे चार प्रश्न विचारले तर उत्पन्न हिशेबाने काढता येते. हा बदल मार्गदर्शकाला खोलीत बसून सहसा सुचत नाही. प्रश्नावलीची चाचणी घेताना, म्हणजे थोड्या लोकांवर ती आधी वापरून पाहताना, तो साहाय्यकाच्या लक्षात येतो. त्यातच एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत कन्नड, अशी वस्ती असल्याने दोन्ही भाषांतली प्रश्नावली एकच गोष्ट विचारते आहे ना, हेही त्यालाच पाहावे लागते.

महाराष्ट्रात या कामाला जुनी परंपरा आहे. १९३० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, आणि पुढे नी. वि. सोवनी यांनी कोल्हापूर शहराची. या पाहण्यांचा सारा डोलारा घरोघर फिरणाऱ्या अन्वेषकांच्या नोंदींवर उभा होता. व्यवस्थापनशास्त्राच्या शिक्षणात ही परंपरा फारशी उतरली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

तिच्या जागी आला तो तयार अहवालांचा बाजार. पैसे घेऊन दुसऱ्याचा अहवाल लिहून देणे हे साहाय्य नव्हे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास प्रबंध ठरावीक मुदतीत दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. पण हे साम्य वाक्यांचे असते. साम्य शोधणारी संगणक प्रणाली उचललेला परिच्छेद पकडते. खोलीत बसून स्वतःच भरलेल्या शंभर प्रश्नावल्या तिच्या नजरेतून सहज निसटतात. त्या पकडायच्या तर मार्गदर्शकाने त्यांतल्या काही उत्तरदात्यांकडे स्वतः पुन्हा जावे लागते, किंवा निदान प्रत्येक प्रश्नावलीवर तारीख, वेळ आणि गल्ली नोंदवण्याची सक्ती करावी लागते. आणि या फेरतपासणीसाठी लागणारा वेळ व प्रवासखर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आधीपासूनच धरावा लागतो.