मॅकलॅरेन एफ-वन: इंजिनाभोवती सोनं
फॉर्म्युला वनच्या गाड्या घडवणाऱ्या गॉर्डन मरे यांची ही रस्त्यावरची गाडी १९९२मध्ये जगापुढे आली. सांगाडा कार्बन फायबरचा; विक्रीच्या गाडीत हे पहिल्यांदाच घडलं. चालक मधोमध, दोन प्रवासी दोन्ही अंगांना, जरा मागे. मागचं झाकण उचललं की बीएमडब्ल्यूच्या ६.१ लिटर, १२ सिलिंडरच्या इंजिनाभोवती सोन्याचा वर्ख झळकतो. तो मिरवायला नाही. सोनं उष्णता परतवतं, त्यामुळे शेजारचं कार्बन फायबर तापत नाही. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएसही नाही. मरेंना जादा वजन खपत नसे. (चालवणाऱ्याने काय ते बघून घ्यावं!) मुळात शर्यतीसाठी न आखलेल्या याच गाडीच्या रेसिंग आवृत्तीने १९९५ची ल माँ शर्यत मारली. रस्त्यावरच्या गाडीने १९९८मध्ये गाठलेला वेग: ताशी ३८६ किमी.